हिरवा त्रिकोण पुरेसा नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

खरिपाच्या फवारण्या जोरात आल्या की विषबाधेच्या बातम्या सुरू होतात. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीने दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेव्हापासून या बातम्यांना जागा मिळते, ती मिळायलाच हवी. मात्र त्यातून गावोगावी एक हिशेब पक्का झाला आहे. चक्कर आली, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर विषबाधा. माणूस संध्याकाळी वावरातून घरी येऊन दोन भाकरी जेवला तर काही झाले नाही. हा हिशेब अडाणीपणातून आलेला नाही. डब्यावर छापलेल्या खुणेनेच तो शिकवला आहे.

प्रत्येक कीडनाशकाच्या डब्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. तो रंग मुख्यतः एका आकड्यावरून ठरतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांना तोंडावाटे किती औषध दिले म्हणजे त्यातले निम्मे मरतात, तो आकडा म्हणजे एलडी-५०. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. म्हणजे त्रिकोण फक्त 'लगेच मारते का' याचे उत्तर देतो. कमी मात्रेत, महिनोन्महिने, गर्भारपणात किंवा वाढीच्या वयात शरीराच्या संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोनचे, काय होते हा प्रश्न त्या रंगाला कोणी विचारलेलाच नाही. कृषी केंद्रात मात्र "हिरवं हाये, काई होत नाई" एवढ्यावर व्यवहार होतो.

मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचे उदाहरण घ्या. गावात ज्याला सगळे 'एम-पंचेचाळीस' म्हणतात ते हेच. संत्रा, मिरची, टमाटे, बटाटे, सगळ्यांवर लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने जाते. याची एलडी-५० पाच हजारांच्या वर, म्हणून हिरवा त्रिकोण. पण मॅन्कोझेब मोडून त्यातून इथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो थायरॉईड ग्रंथीतल्या ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) आयोडीन संप्रेरकात गुंफले जाते त्या विकरालाच अडवतो. ओलाव्यात पडून राहिलेल्या जुन्या पुडीत तो तयार होतो, तसा भाजी शिजवतानाही होतो. युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस मॅन्कोझेबची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला, त्यामागे प्रजनन आणि संप्रेरके ही कारणे होती. स्वयंपाकघरातली गोष्ट त्यामुळे साधी आहे. हे औषध पानाफळाच्या वरच बसते, आत शिरत नाही. वांगी, मिरची, टमाटे चिरण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. चिरून मग धुतले किंवा न धुता फोडणीत टाकले तर उरलेसुरले मॅन्कोझेब आचेवर त्या दुसऱ्या पदार्थात बदलते.

सोयाबीनवरच्या टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल या 'कोनॅझोल' घराण्याची गोष्ट वेगळी. ही औषधे बुरशीच्या पेशीतले एक विकर बंद पाडून तिला मारतात. पुरुष-संप्रेरकापासून स्त्री-संप्रेरक बनवणारे अ‍ॅरोमॅटेज हे आपल्या शरीरातले विकर त्याच कुळातले आहे, म्हणून प्रयोगांत जास्त मात्रेला तेही अडते. ही औषधे पिकात भिनतात, त्यामुळे इथे धुण्याचा फारसा उपयोग नाही. फवारणी आणि काढणी यांमधले लेबलवर लिहिलेले दिवस पाळणे हाच इलाज. भाजीपाल्याला मात्र बाजाराच्या आदल्या दिवशी फवारा मारला जातो, हे तालुक्याच्या कोणत्याही मंडईत विचारले तरी कळेल.

एवढ्याशा औषधाने काय होते, असे नेहमी विचारले जाते. संप्रेरके स्वतःच एवढीशी असतात. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ती नॅनोग्रॅममध्ये, काही तर पिकोग्रॅममध्ये मोजावी लागतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. त्यात वेळेचा भाग मोठा. माणसाच्या गर्भात साधारण ८ ते १४ आठवड्यांच्या काळात मुलाच्या जननेंद्रियांची घडण टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या हुकमावर होते. पहिल्या तिमाहीत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉक्सिन या थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असतो, कारण त्याची स्वतःची ग्रंथी अजून काम करत नसते. मोठ्या माणसाला जी मात्रा जाणवतही नाही, ती त्या आठवड्यांत कायमचा फरक करू शकते. डीडीटीपासून तयार होणारे डीडीई टेस्टोस्टेरॉनची जागा अडवते, हे १९९५ मध्ये दाखवले गेले आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या अपोपका तलावाकाठी १९८० मध्ये डायकोफॉल या कोळीनाशकाची मोठी गळती झाली, त्यात डीडीटीचीही भेसळ होती. पुढे जीवशास्त्रज्ञ लुई गिलेट यांना तिथल्या नर मगरींच्या पिल्लांत टेस्टोस्टेरॉन कमी आणि लिंगाची वाढ खुंटलेली आढळली. हेच डायकोफॉल आपल्या कपाशीवर लाल कोळीसाठी वर्षानुवर्षे मारले गेले. स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत ते २०१९ मध्ये गेले.

मगरींचे सोडा, केरळातल्या कासरगोडला काजूच्या बागांवर वीसहून अधिक वर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. तिथल्या १० ते १९ वयाच्या ११७ शाळकरी मुलांची तुलना दुसऱ्या गावातल्या ९० मुलांशी केली गेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फवारणीच्या गावातल्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फान जास्त आणि वयात येणे लांबलेले दिसले. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये. त्या आठ वर्षांत विदर्भात ते औषध राजरोस विकले जात होते.

आता आपल्या शिवारातला एक हिशेब. इथेनॉलमुळे मक्याचा पेरा वाढतो आहे आणि मक्यात अ‍ॅट्राझिन हे तणनाशक पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी मारतात. ५० टक्क्यांची भुकटी, एकरी ५०० ग्रॅमच्या आसपास, २०० लिटर पाण्यात. अमेरिकी संशोधक टायरोन हेज यांच्या २०१० च्या प्रयोगात पाण्यात अ‍ॅट्राझिन २.५ पीपीबी, म्हणजे लिटरमागे अडीच मायक्रोग्रॅम असताना वाढवलेल्या आफ्रिकी नर बेडकांपैकी दहा टक्के बेडूक अंडी घालणाऱ्या माद्या झाले. उत्पादक कंपनी आणि अमेरिकेच्या नियामकांनी हे निष्कर्ष मानलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. युरोपने मात्र भूजलात अंश सापडतात म्हणून २००४ मध्येच अ‍ॅट्राझिन बंद केले. आपल्याकडचे ३० बाय ३० बाय ३ मीटरचे शेततळे भरले की, बाजू तिरप्या असल्याने, त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी असते. त्या सगळ्या पाण्यात २.५ पीपीबी व्हायला शुद्ध अ‍ॅट्राझिन साडेपाच ग्रॅम लागते, म्हणजे ५० टक्क्यांची भुकटी फक्त ११ ग्रॅम. फवारणीनंतर दोन दिवसांत जोराचा पाऊस आला तर मारलेल्या तणनाशकाचा एक ते तीन टक्के भाग वाहून जाऊ शकतो. एका एकराचे दोन टक्के म्हणजे १० ग्रॅम. शिवाय तळ्याच्या काठावर पंप धुतला आणि तळाशी उरलेले लिटरभर पाणी आत ओतले, तर दर वेळी अडीच ग्रॅम आणखी. मृगाच्या पहिल्या पावसात बेडूक अंडी घालतात ते याच तळ्यांत आणि डबक्यांत, आणि टॅडपोलचे बेडूक होणे हे पूर्णपणे थायरॉईड संप्रेरकावर चालते. तणनाशक आणि अंडी एकाच आठवड्यात एकाच पाण्यात येतात. भंडारा-गोंदियातल्या बोड्या (लहान तळी) आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव तर आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांचेच पाणी घेतात.

करायचे काय? दोन दिवसांत जोराचा पाऊस येणार असेल तर उगवणपूर्व तणनाशक मारू नये. तळे, नाला, विहीर यांच्या बाजूच्या धुऱ्यालगत तीन-चार मीटर पट्टा गवताचा सोडावा, तिथे फवारा नको. पंप वावरातच धुवावा आणि ते धुतलेले पाणी न फवारलेल्या तासांवर मारून टाकावे. रिकाम्या डब्यात चौथाई पाणी घालून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीनदा. मग डब्याला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे कोणी त्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. डबे आणि पन्न्या पऱ्हाटीसोबत धुऱ्यावर पेटवून देण्याची सवय सगळ्यात वाईट. क्लोरीन असलेले प्लास्टिक मंद आगीत जळले की डायऑक्झिन हे विष तयार होते. ते चाऱ्यावर बसते आणि तिथून दुधाच्या चरबीत उतरते.

पाठीवरच्या पंपाबद्दल थोडे सविस्तर, कारण आमच्या मते तोंडाच्या मास्कइतकेच लक्ष इथे द्यायला हवे. झाकणाचा वायसर झिजला की वाकताना औषध पाठीवर येते, तिथून कंबरेवर आणि चड्डीत उतरते. अंगाची सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर माणसांत झालेल्या मोजमापात कोपराखालच्या हाताच्या कातडीतून सुमारे नऊ टक्के औषध आत गेले, तर अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळे. पुरुष-संप्रेरक जिथे बनते तिथेच हा ओला कपडा सहा-सात तास चिकटलेला राहतो. साध्या पाण्याने पंप भरून, झाकण लावून, आडवा धरून पाहावा. थेंब आला तर वायसर बदलावा, तो काही रुपयांत मिळतो. पाठीवर प्लास्टिकचे कापड बांधताना ते कंबरेच्या खाली वीतभर येईल असे घ्यावे. कपडे ओले झाले की घरी जायची वाट न पाहता बदलावेत. ते घरच्या, विशेषतः लेकराच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत आणि धुणारीने हातमोजे घालावेत. घरोघरी हे धुणे बाईच्या वाट्याला येते आणि ती गरोदर आहे का याची चौकशी कोणी करत नाही. कापूस वेचणीचे तसेच. फवारल्यावर पाने सुकली म्हणजे झाले असे नव्हे. गरोदर बाईला ताज्या फवारलेल्या वावरात निंदायला, वेचायला पाठवूच नये.

चार औषधे, एक टॉनिक आणि वरून स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रव्य) असा 'डोस' एकाच पंपात घालायची पद्धत विदर्भात रुळली आहे. औषधे गुणाला जशी जोडीने काम करतात तशी दोषालाही. टेस्टोस्टेरॉन अडवणारी तीन रसायने प्रत्येकी मर्यादेच्या आत असली तरी त्यांचा परिणाम बेरजेने होतो. काही स्टिकरमध्ये नॉनिलफेनॉलपासून बनलेले द्रव्य असते आणि नॉनिलफेनॉल स्वतः स्त्री-संप्रेरकासारखे वागते. डब्यावर 'नॉन-आयनिक' एवढेच छापलेले असते.

पाण्याकडे वळू. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ ही नावे आहेत. युरिया, उकिरडा आणि शोषखड्डा या तिघांचे नायट्रेट विहिरीत उतरते. थायरॉईड ग्रंथी रक्तातून आयोडीन ज्या वाटेने खेचते, त्याच वाटेने नायट्रेट घुसते आणि आयोडीनची जागा घेते. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पण हीसुद्धा तान्हे बाळ निळे पडू नये म्हणून ठरलेली आहे, थायरॉईडचा विचार करून नव्हे. त्रिकोणासारखाच प्रकार. गावात जलजीवन मिशनची तपासणी पेटी असते, तिच्यात नायट्रेटची चाचणी आहे. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा ती करून फलकावर लिहावी. प्रयोगशाळेचा कागद वाचताना 'नायट्रेट' आणि 'नायट्रेट-नायट्रोजन' यांत गल्लत होते. दुसऱ्या मोजमापात १० म्हणजे पहिल्यात जवळपास ४५. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटल्याने उलट वाढते. आरओने कमी होते, विहीर बदलल्याने होते. घरात आयोडीनयुक्त मीठच हवे आणि ते बंद डब्यात; जाडे मीठ जनावरांसाठी आणून लोणच्यात घालतात, त्यात आयोडीन बहुधा नसते. शेळीचे करडू अशक्त, केस विरळ आणि गळ्याशी गाठ घेऊन जन्मले तर गोठ्यातही आयोडीनची कमतरता आहे असे समजावे. गरोदर बाईच्या पहिल्याच तपासणीत प्राथमिक आरोग्य केंद्रात टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) व्हावी, तिसऱ्या महिन्यानंतर करून निम्मा उपयोग हातचा गेलेला असतो.

रसायन नसतानाही माणसाने बदललेले हवामान संप्रेरकांवर हात फिरवते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४४ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली तर जनावरांसाठीचा तापमान-आर्द्रता निर्देशांक सुमारे ८७ निघतो. संकरित गाईला ताण बसायला ७२ पुरेसा असतो. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी थोड्या. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, त्याने मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारे मंदावतात, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी पडते आणि म्हैस माजावर येऊनही दाखवत नाही. यालाच मुका माज म्हणतात. नागपुरी म्हशी सांभाळणाऱ्यांनी उन्हाळ्यात रात्री दहानंतर आणि पहाटे पाचच्या आधी गोठ्यात फेरी मारावी. सोट (माजाचा स्राव) पातळ व थोडा असतो, वारंवार लघवी, दूध थोडे चोरणे, एवढ्यावरच ओळखावे लागते. माज दिसल्यापासून बारा तासांनी रेतन करावे आणि त्यानंतरचा आठवडा जनावर सावलीत, ओले ठेवावे, कारण पहिल्या काही दिवसांतला गर्भ उष्णतेने सगळ्यात लवकर जातो. टिनाच्या छतावर पऱ्हाटी किंवा तणसाचा वीतभर थर आणि चुना मारला तरी फरक पडतो. पाणी मारायचे तर वारा खेळता हवा; बंद गोठ्यात फक्त दमटपणा वाढतो. वळूचे वीर्य तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून मे महिन्याच्या उन्हाचा फटका जुलैत दिसतो आणि दोष गाईला लागतो.

मात्र गाय उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली) की लगेच फवारणीला जबाबदार धरणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. आधी खनिज मिश्रण मिळते का, गर्भाशयाचा दाह आहे का, रेतनाची वेळ चुकली का, हे पाहावे. अवकाळी पावसात भिजलेला मका, कुटार, ढेप यांना बुरशी लागली असेल तर ती आधी बंद करावी. फ्युजेरियम बुरशीतले झिअ‍ॅरालिनोन हे इस्ट्रोजेनसारखेच वागते, कालवडीचे योनिमुख सुजते, माज अनियमित होतो. मुलींच्या अनियमित पाळीचेही एकच कारण सांगणाऱ्यांपासून सावध राहावे.

जंगलातही हे मोजता येते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या (सीसीएमबी) शास्त्रज्ञांनी शेजारच्या मध्य प्रदेशातल्या कान्हा आणि बांधवगडमध्ये वाघांच्या विष्ठेतून ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष मोजले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पर्यटनाच्या हंगामात हे प्रमाण जास्त आणि गाड्यांच्या संख्येशी जोडलेले आढळले. ताडोब्यात गाड्या वाढवण्याचा निर्णय घेताना अशी मोजणी सोबत असावी.

आमच्या मागण्या फार नाहीत. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि आपल्या नोंदणीत संप्रेरकांसाठी युरोपने २०१८ मध्ये आणला तसा स्वतंत्र निकष नाही. तो येईपर्यंत निदान लेबलवर मराठीत एक ओळ छापावी: 'गरोदर स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुलांनी हाताळू नये.' ती त्रिकोणाच्या रंगाशी न जोडता सगळ्या डब्यांवर असावी. निरी ही पर्यावरण संशोधन संस्था, माफसू हे पशुवैद्यक विद्यापीठ आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था तिन्ही नागपुरात आहेत, कृषी विद्यापीठ अकोल्यात. नर माशाच्या रक्तात व्हायटेलोजेनिन हे अंड्यातल्या बलकाचे प्रथिन सापडले तर त्या पाण्यात इस्ट्रोजेनसारखे काहीतरी आहे हे कळते. दहा-वीस मामा तलावांतले, ढिवरांनी पकडलेलेच मासे घेऊन ही तपासणी ऑगस्ट आणि जानेवारीत करणे या संस्थांना जड नाही.

एक विनंती आपल्या दैनिकालाही आहे. आठवड्याच्या कृषी सल्ल्यात औषधाचे नाव आणि लिटरमागचे प्रमाण छापले जाते. त्याच ओळीत तांत्रिक नाव, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे आणि पाऊस किती तासांवर असेल तर फवारू नये, एवढे जोडावे.

आपले,
पशुवैद्यक, मृद व जलपरीक्षण आणि स्त्री-आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे काही जण
जि. यवतमाळ